छताखाली गेलं की फोनातला निळा ठिपका रस्त्यावर काऊन पळते?

टिनाखालचा (सोमवार, रात्री ९:४०)
राम राम मंडळी. पहिलाच धागा काढून राह्यलो, चुकलं तर सांभाळून घेजा.

मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातली सरकी काढून गठाणी बांधाचा कारखाना) सुपरवायझर आहे. प्रश्न दोन हायेत पण मूळ एकच. मागच्या महिन्यात आजीले घेऊन नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्तो. केसपेपर काढला, डॉक्टरनं पाह्यलं, म्हणे एक्स-रे काढून आणा. आता एक्स-रे कुठी? एक म्हणे मागच्या बिल्डिंगमध्ये, दुसरा म्हणे खालच्या मजल्यावर, तिसरा म्हणे ते मशीन आज बंद हाय जुन्या वार्डाकडं जा. आजी व्हीलचेअरवर, चाक एका बाजूनं ओढते, मी एका हातानं मॅप उघडला तर निळा ठिपका दवाखान्याच्या बाहेर, चहाच्या टपरीवर! मी उभा लिफ्टपाशी अन् फोन म्हणते तू रस्त्यावर हायेस. तासभर फिरलो, एक्स-रे घेऊन परत आलो तं ओपीडीची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीभाडं.

दुसरं आमच्या गोडाऊनचं. सीझनमध्ये गठाणी प्रेसमधून निघाल्या की हमाल जिथं जागा दिसली तिथं थप्पी लावते. मालक दुपारी फोन करते, अमक्या लॉटच्या १०० गठाणी ट्रकात भर. कुठी हायेत त्या? रजिस्टरात नंबर हाय, जागा नाही. माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगले आहे, तो म्हणे इनडोअर पोझिशनिंग लाव, म्हणजे छताखालीबी कोण कुठी हाय ते सांगणारं तंत्र, आजकाल सगळं होते. खरंच होते का? फोन माझा नऊ हजाराचा आहे.

तर्रीपोहे (सोमवार, रात्री ९:५२)
ठिपका बरोबरच हाय भाऊ. दवाखान्यात गेलेला माणूस अर्धा वेळ टपरीवरच अस्ते.

आर्वीचा_पुण्यात (सोमवार, रात्री १०:३०)
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुझा फोन उपग्रहाला काही विचारत नाही, नुसता ऐकतो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर वर फिरतात. तिथून निघालेला सिग्नल आपल्या अंगणात पोचेस्तोवर इतका मरतुकडा होतो की एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एखाद-दीड तुकडा फोनच्या वाट्याला येतो. त्यावर काँक्रीटचे दोन-तीन स्लॅब आले की उरतं काय? आणि तुझ्या गोडाऊनचं टिन तर विचारूच नको, लोखंडी पत्र्यावरून या लहरी सरळ परत फिरतात.

खिडकीतून थोडं आत येतं पण ते समोरच्या भिंतीवर आपटून आलेलं असतं, आणि इथंच खरी फसगत होते कारण सगळा हिशोब वेळेचा आहे. सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर गेले. आपटून आलेला सिग्नल लांबच्या वाटेनं आलेला असतो, फोनला वाटतं आपणच लांब आहोत. चार उपग्रह स्वच्छ ऐकू आले तर जागा पक्की होते. नाही आले तर फोन मोबाईल टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून अंदाज ठोकतो. टपरी हा त्याचा अंदाज.

भैताड_नं_१ (सोमवार, रात्री १०:३४)
मंग आपल्या इस्रोचं नाविक लावा ना. देशी उपग्रह हाय, आपलं टिन ओळखीन.

आर्वीचा_पुण्यात (सोमवार, रात्री १०:४१)
नाविकचे उपग्रह त्याहून वर आहेत, ३६,००० किलोमीटरच्या आसपास. टिन त्यांनाही तसंच अडवतं. देशभक्ती पत्र्यातून जात नाही भैताडभाऊ.

रिसर्च_चालूच (मंगळवार, सकाळी ७:१५)
वा, माझ्या विषयावर धागा! अमरावतीला एम.टेक. करतोय आणि याच गोष्टीत दोन वर्षं डोकं घातलंय, त्यामुळे जरा लांबेल.

छताखाली उपग्रह नाही चालत हे तीस वर्षांपासून माहीत आहे. १९९२ मध्ये केंब्रिजच्या ऑलिवेट्टी लॅबनं 'ॲक्टिव्ह बॅज' काढला, माणसाच्या खिशाला बिल्ला, तो दर १५ सेकंदांनी टीव्हीच्या रिमोटसारखा अदृश्य उजेड फेकणार, खोलीतला सेन्सर तो पकडणार. कोण कुठल्या खोलीत आहे एवढं कळायचं. मग २००० साली मायक्रोसॉफ्टच्या बहल आणि पद्मनाभन यांनी 'रडार' नावाचा पेपर लिहिला आणि तिथून सगळी गाडी वायफायवर आली. कल्पना सोपी आहे. आधी इमारतभर फिरून प्रत्येक जागी कोणता राऊटर किती जोरात ऐकू येतो ते लिहून ठेवायचं. मग फोननं आत्ता काय ऐकलं ते त्या वहीशी ताडून पाहायचं, जिथं जुळलं ती जागा. दोन-तीन मीटरपर्यंत यायचे ते. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात, इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्याचा अंगठा घेतल्यासारखं.

आजही आम्ही पोरं जो तयार डेटा वापरतो तो स्पेनच्या एका विद्यापीठातला, २०१४ चा, तीन इमारती आणि ५२० वायफाय पॉइंट. दरवर्षी जगभर यावर पेपर निघतात, २०१० पासून आयपिन नावाची वेगळी परिषदच भरते, पहिली झ्युरिकला झाली होती.

टिनाखालचा (मंगळवार, सकाळी ७:५०)
५२०!! आमच्या गोडाऊनमध्ये एक राऊटर हाय, तो ऑफिसात, अन् ऑफिस काट्यापाशी, गेटवर. आतमधी त्याची एक दांडी येते तीबी दरवाजा उघडा असला तर.

तर्रीपोहे (मंगळवार, सकाळी ८:०५)
अन् लाईन गेली की तीबी जाते. म्हणजे भारनियमनात तुमचं गोडाऊनच नकाशावरून गायब.

रिसर्च_चालूच (मंगळवार, सकाळी ८:४०)
तर्रीभाऊ मस्करीत बोलले पण हीच माझी तक्रार आहे. या सगळ्या पद्धती विमानतळ, मॉल, विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवून तयार झाल्या. तिथं रेडिओचं पीक दाट असतं. आपल्याकडं जिथं गरज आहे तिथं हवेत काहीच नसतं. आणि जे असतं तेही हलतं. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे रिकाम्या वऱ्हांड्यात घेतलेला अंगठा ओपीडीच्या गर्दीत जुळत नाही. वरून ॲन्ड्रॉइड ९ पासून फोन ॲपला दोन मिनिटांत चारदाच वायफाय स्कॅन करू देतो, बॅटरी वाचावी म्हणून. तेवढ्या वेळात माणूस पूर्ण वार्ड ओलांडून जातो.

झेडपी_गुरुजी (मंगळवार, दुपारी १:२०)
मधल्या सुट्टीत लिहितो आहे. वायफाय नसेल तर आवाज वापरता येतो, आणि ही गोष्ट माझ्या सातवीच्या पोरांना लगेच कळते. वीज चमकली की आपण मोजतो, एक, दोन, तीन, मग गडगडाट. तीन मोजले तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली, कारण उजेड लगेच येतो आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या चालीनं मागून येतो. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००० साली नेमकं हेच खोलीत केलं. छतावरच्या डबीतून रेडिओचा ठोका आणि कानाला न ऐकू येणारा आवाज एकदम सोडायचे, हातातलं यंत्र दोघांमधला फरक मोजणार, फरकावरून अंतर. काही सेंटिमीटरपर्यंत बरोबर येत असे. नाव होतं 'क्रिकेट'. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजला अशीच आवाजावर चालणारी दुसरी व्यवस्था झाली, तिचं नाव 'बॅट'.

भैताड_नं_१ (मंगळवार, दुपारी १:२६)
बॅटबी झाली क्रिकेटबी झालं. आता बॉल कोण काढून राह्यलं सांगा, तो आमच्या विहिरीत गेला आहे, त्याचीच पोझिशन पाह्यजे.

झेडपी_गुरुजी (मंगळवार, दुपारी १:३१)
अरे ती बॅट म्हणजे वटवाघूळ असावं आणि क्रिकेट म्हणजे रातकिडा. तुझी शाळा कोणती रे?

भैताड_नं_१ (मंगळवार, दुपारी १:३३)
तुमचीच गुरुजी 🙏

आर्वीचा_पुण्यात (मंगळवार, रात्री ९:१०)
आवाजाचं छानच आहे पण जिनिंगमध्ये? रेचे (सरकी काढायची यंत्रं) सुरू असले की शेजारचा माणूस ऐकू येत नाही, आणि कापूस आवाज गिळतो. थप्पीच्या मागं तर काहीच पोचणार नाही.

टिनाखालचा (मंगळवार, रात्री ९:३०)
मालकाचा पोरगा म्हणे प्रत्येक लॉटमध्ये एक एअरटॅग (ॲपलचा वस्तू शोधाचा बिल्ला) टाकू, कुठीबी असली तरी फोनात दिसते.

गंजीचा_राजा (मंगळवार, रात्री ९:३४)
थांब थांब थांब. टॅगमध्ये काय अस्ते? लिथियमचा सेल. गठाणीत सेल टाकते का बे? आमच्या इकडं गेटवर काडीपेटी काढून घेते, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरले जाळी लावल्याशिवाय आत येऊ देत नाही, रेच्यात एखादा गोटा गेला अन् ठिणगी पडली तं कापसाची पूर्ण गंजी जाते, मी डोळ्यानं पाह्यली आहे जळताना, दोन दिवस धूर होता, अन् विझली म्हणेस्तोवर आतून पुन्हा पेटे. वरून प्लास्टिक. सूतगिरणीवाले एक पोत्याचा धागा सापडला तरी भाव पाडते. कापसात बाहेरची वस्तू जाऊ नाही म्हणून बाया बसवून निवडून राह्यलो आपण अन् हा टॅग टाकते म्हणे!

रिसर्च_चालूच (मंगळवार, रात्री १०:०२)
राजाभाऊंचं शंभर टक्के बरोबर. आणि एअरटॅगचा बाण दाखवणारा जो भाग आहे तो अल्ट्रा वाईडबँडवर चालतो. ॲपलनं ती चिप २०१९ च्या आयफोन ११ मध्ये घातली आणि टॅग २०२१ ला आला. फार कमी वेळाचे रेडिओचे ठोके असतात त्यामुळे आपटून आलेला आणि सरळ आलेला सिग्नल वेगळा ओळखता येतो, १० सेंटिमीटरच्या आसपास अचूकता मिळते, कारखान्यांत यासाठीच वापरतात. पण त्याला ती चिप असलेला फोन पाहिजे. नऊ हजाराच्या फोनात नसते.

लॅम्परूमवाला (बुधवार, सकाळी ५:४५)
नमस्कार. मी वणीकडच्या अंडरग्राउंड कोळसा खाणीत ३१ वर्षं काढली, शेवटची ९ लॅम्परूमला. तुम्ही लोक आता ज्यावर बोलून राह्यले त्यावर आमचा जीव टांगलेला असे म्हणून लिहितो.

खाली उतरताना आमच्याइकडं माणूस कॅप लॅम्प घेई अन् त्याचं टोकन बोर्डावर लागे. पाळी सुटली की लॅम्प जमा, टोकन परत. बोर्डावर टोकन राह्यलं म्हणजे माणूस आतच हाय. पण आत कुठी? ते बोर्ड सांगत नाही. गॅलऱ्या म्हणजे आतले बोगदे किलोमीटर-किलोमीटर जाते, अंधार, वळण सगळे सारखे. एकदा एक नवीन पोट्टा पाळी संपल्यावर वर आला नाही. तीन तास शोधला. जुन्या गॅलरीच्या तोंडाशी बसून होता, दिवा मंद झालेला, रडून राह्यला होता. वर आल्यावर ओव्हरमननं (पाळीवरच्या साहेबानं) त्याले आधी चहा पाजला अन् मंग शिव्या दिल्या.

अमेरिकेत २ जानेवारी २००६ ले सॅगो नावाच्या खाणीत स्फोट झाला, १२ कामगार गेले. आत अडकलेले जिवंत हायेत का, कुठी हायेत, वरच्यायले कळेच ना. त्याच वर्षी तिथं कायदा झाला की अंडरग्राउंड कोळसा खाणीत माणसं कुठी होती ते सांगणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था पाह्यजेच. लॅम्पमधी नाहीतर पट्ट्यात टॅग, गॅलरीत ठिकठिकाणी वाचक यंत्र, माणूस त्याच्यापासून गेला की नोंद. पण त्यात मेख अशी की गॅस असलेल्या जागी कोणतंबी यंत्र असं पाह्यजे की तुटलं फुटलं तरी ठिणगी नाही पडली पाह्यजे. म्हणून खाणीतलं यंत्र महाग. राजाभाऊ कापसाचं सांगून राह्यले ते मले लगेच समजलं.

गंजीचा_राजा (बुधवार, सकाळी ६:१०)
काका, दंडवत.

ओपीडीताई (बुधवार, दुपारी ३:०५)
मी यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. धागा कापसात आणि कोळशात गेला, पण ती आजी व्हीलचेअरवरच राहिली ना?

तुम्ही सगळे ठिपका कुठं दिसतो यावर बोलताय. ठिपका बरोबर दिसला तरी पेशंट शोधेल काय? एक्स-रेला आमच्याकडं 'फोटो' म्हणतात. "सिस्टर, फोटो काढाची जागा कोणती?" बोर्डावर असतं 'क्ष-किरण विभाग', खाली इंग्रजीत रेडिओलॉजी. सोनोग्राफीला 'टीव्हीवर पाहाचं'. मी आधी गडचिरोलीकडं होते, तिथं भामरागडकडून येणारे माडिया बोलणारे, त्यांना मराठी बोर्डही तसाच. तुमच्या ॲपमध्ये फोटो लिहिलं तर फोन गॅलरी उघडेल 😀

आमच्या एका सरांनी काय केलं माहीत आहे? फरशीवर तीन रंगांचे पट्टे मारले. लाल पट्टा फोटोला, निळा रक्त तपासायला, पिवळा औषधाच्या खिडकीला. आता मी फक्त म्हणते, "आजी, लाल पट्ट्यावरून चालत जा." बॅटरी लागत नाही.

तर्रीपोहे (बुधवार, दुपारी ३:२०)
ताईनं सगळ्या पीएचड्या बुडवल्या.

काठीवाला (बुधवार, रात्री ८:४५)
नाही बुडवल्या. मला लाल पट्टा दिसत नाही.

मी जन्मापासून आंधळा आहे, वर्ध्याजवळ राहतो, फोन वाचून दाखवतो त्यावर हा धागा ऐकला. बस स्टँडवर मी रोज माणसांना विचारतो आणि लोक चांगले आहेत, हात धरून नेतात, कधीकधी मला जायचं नसतं तिथंही नेतात. पण एकट्यानं जायचं असेल तर? अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी नॅवकॉग नावाचं ॲप केलं, त्यात काम करणाऱ्या चिएको असाकावा या बाई स्वतः अंध आहेत. इमारतीत जागोजागी ब्लूटूथच्या छोट्या डब्या लावतात, फोन त्यांचा सिग्नल ऐकून बोलून सांगतो, अमुक पावलं पुढं, मग उजवीकडे दार. मी त्याचं वर्णन ऐकूनच खुश झालो होतो.

पण वर कोणीतरी लिहिलं ना दोन-तीन मीटरपर्यंत बरोबर येतं. डोळस माणसाला तीन मीटर म्हणजे 'इथंच कुठंतरी'. मला तीन मीटर म्हणजे दार की जिना.

रिसर्च_चालूच (बुधवार, रात्री ९:३०)
काठीवालादादा, हे वाक्य मी माझ्या गाईडला ऐकवणार आहे. आम्ही सरासरी चूक काढून पेपरात लिहितो आणि खुश होतो. जिना किती मीटरवर होता हे कुठल्याच रकान्यात नसतं.

आजीच्या त्या अनेक मजल्यांच्या दवाखान्याबद्दल एक राहिलं, मजला ओळखायला फोनात हवेचा दाब मोजणारा सेन्सर लागतो, तीन मीटर चढलं की दाब ०.३५ मिलिबारनं कमी होतो तेवढं त्याला कळतं. स्वस्त फोनात तोही नसतो.

आता टिनाखालच्या भाऊसाठी एक सुचवतो. काहीही न लावता करायची एक पद्धत आहे, चुंबकाची. पृथ्वीचं चुंबकत्व जागेप्रमाणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, आणि लोखंडी खांब, छताच्या कैच्या, बीम ते आपल्या आसपास वाकवतात. प्रत्येक खांबाची वाकवण्याची तऱ्हा वेगळी. फिनलंडमध्ये औलू विद्यापीठातून निघालेली इंडोरॲटलस ही कंपनी २०१२ पासून हेच करते. लोखंड जितकं जास्त तितकी ओळख चांगली. म्हणजे तुझं शेड जीपीएसचा शत्रू आहे पण चुंबकाचा मित्र. फोनातला होकायंत्राचा सेन्सर बहुतेक फोनात असतो, पाहून घे.

त्यासोबत पावलं मोज. चालताना फोन हिंदकळतो त्यावरून पाऊल कळतं, आणि वळलं कुठं ते जायरोवरून, म्हणजे फोन किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरवरून. यात गडबड दिशेची होते. दिशा १० अंशांनी चुकली की ५० मीटर चालल्यावर तू साडेआठ मीटर बाजूला गेलास. एरिक फॉक्सलिन यांनी २००५ मध्ये सेन्सर बुटावर लावला, कारण चालताना प्रत्येक पाऊल क्षणभर जमिनीवर स्थिर असतं, त्या क्षणी वेग शून्य हे नक्की, तेवढ्यात यंत्र आपली चूक पुसून घेतं. मग नकाशा वापरायचा. जमिनीवर ज्वारीचे दाणे फेकल्यासारखे शंभर अंदाज टाक, प्रत्येक पावलाला सगळे दाणे पुढं सरकव, जो दाणा भिंतीतून गेला तो उचलून फेक. उरले त्यांच्या मधोमध तू.

भैताड_नं_१ (बुधवार, रात्री ९:४१)
बुटावर म्हणे. आमच्या टिनाखालच्याच्या स्लीपरचा अंगठा तुटेल हाय.

टिनाखालचा (गुरुवार, सकाळी ७:०५)
मालकाले चुंबकाचं सांगितलं. ऐकून घेतलं अन् पहिलाच प्रश्न, "मंग हमाल कुठी बसते, किती वेळ बसते तेबी दिसीन का?"

थप्पीवरचा (गुरुवार, सकाळी ११:५०)
आजवर नुसता वाचत होतो पण आता लिहितो. माझा बाप हमाल होता, ४० वर्षं. पावणेदोन क्विंटलच्या आसपास एक गठाण अस्ते, दोघं-चौघं मिळून लोटत नेते, वर चढवते, अन् मंग थप्पीच्या सावलीत दहा मिनिटं बसते तं ते मालकाच्या फोनात दिसलं पाह्यजे का? गठाणीले टॅग लावा नाहीतर खांबाले लावा. माणसाले लावू नका.

लॅम्परूमवाला (गुरुवार, दुपारी ४:३०)
भाऊ, खाणीत टॅग माणसालेच पाह्यजे, जीव वाचते. पण तुमचं म्हणणं मले पटते. आमच्याइकडंबी टॅगची गोष्ट निघाली तेव्हा कामगारायचा पहिला प्रश्न हाच होता की चहा प्याले बसलो तं पगार कापसान का.

आर्वीचा_पुण्यात (गुरुवार, रात्री १०:००)
आपण रोज टॅग लागूनच फिरतो की. मॉलमध्ये शिरलं की तुमच्या फोनचा वायफाय पत्ता ऐकून कोण किती वेळ कुठल्या दुकानापाशी थांबलं ते मोजायचे, म्हणून ॲपलनं २०१४ च्या आयओएस ८ पासून तो पत्ता बदलता ठेवायला सुरुवात केली.

थप्पीवरचा (गुरुवार, रात्री १०:०८)
मॉलमधून निघून जाता येते पुणेकर. कामावरून नाही.

आर्वीचा_पुण्यात (गुरुवार, रात्री १०:१५)
मान्य. आणि मी आर्वीचा आहे हो.

टिनाखालचा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०)
मंडळी, उशीर झाला, सीझन सुरू हाय. मावसभाऊ दोन रविवार येऊन गेला, तुमच्याइले रिपोर्ट देतो.

गोडाऊनमधी खडूनं दोन-दोन मीटरवर फुल्या मारल्या. फोन छातीशी धरून प्रत्येक फुलीवर उभा राह्यलो अन् चुंबकाचा आकडा वहीत लिहिला. फोनात होकायंत्र निघालं, नशीब. आकडे पाहून मजा वाटली, खांबापाशी एकदम उडी मारे, दोन खांबाच्या मधात खाली बसे, दरवाजाच्या रुळापाशी वेगळंच. मावसभावानं लॅपटॉपवर काहीतरी केलं, अन् तुमच्या ज्वारीवाल्या दाण्यायचं बी केलं. मी डोळे मिटून चाललो, त्यानं सांगितलं तू पाचव्या खांबापाशी, डोळे उघडले तं पाचवाच! दोघंबी नाचलो. चौकीदार पाहूनच राह्यला.

दुसऱ्या रविवारी तेच केलं तं सगळं चुकीचं. पाचव्या खांबावर उभा तं म्हणते नववा. मावसभाऊ कोड तपासते, मी फोन झटकून राह्यलो, पाऊण तास गेला. मंग ध्यानात आलं, मधल्या आठवड्यात तिथं नव्या गठाणी लागल्या होत्या.

रिसर्च_चालूच (रविवार, रात्री ८:४४)
पण कापसानं चुंबकाला काय होतं? काहीच नाही व्हायला पाहिजे.

गंजीचा_राजा (रविवार, रात्री ८:५०)
कापसानं नाही, पट्ट्यानं! गठाण दाबल्यावर लोखंडी पट्ट्या बांधते ना भाऊ तिले. एका गठाणीले आठ-दहा. थप्पी म्हणजे लोखंडाची भिंत समज.

रिसर्च_चालूच (रविवार, रात्री ९:०३)
अरे देवा. जी वस्तू शोधायची तीच नकाशा बदलवते. हे मला सुचलं नव्हतं, प्रामाणिकपणे सांगतो, कारण आमच्या सगळ्या प्रयोगात इमारत हलत नाही, फक्त माणूस हलतो. भाऊ, दोन्ही रविवारचे आकडे मला पाठव. खांबापासून अर्ध्या मीटरच्या आतले आकडे तरी टिकले का?

टिनाखालचा (रविवार, रात्री ९:२०)
थोडेसे टिकले, जिथं थप्पी दूर होती तिथं. वहीचे फोटो पाठवतो.

सध्यासाठी वेगळंच केलं. थप्पीवरच्या भाऊचं ऐकलं अन् खांबाले नंबर दिले. ऑइल पेंटनं मोठे आकडे, अन् खाली एकेक क्यूआरचा कागद लॅमिनेट करून. गठाणीवर नंबर आधीच अस्ते, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) गठाणीवर तं क्यूआर येऊन राह्यलाच हाय, पण तो सांगते गठाण कोणाची, कुठी ठेवली ते नाही. आता थप्पी लागली की मुकादम फोननं आधी गठाण, मंग खांब, दोन वेळा टिक-टिक करते. माणसाचं नाव त्यात येत नाही, मालकाले तसं सांगूनच चालू केलं. कालच्या ट्रकाले १०० गठाणी पाऊण तासात भरल्या. तरी दोन गठाणी मिळाल्याच नाही, त्या चौदाव्याच्या जागी चारवर स्कॅन झाल्या होत्या कारण चौदाचा कागद उंदरानं खाल्ला.

भैताड_नं_१ (रविवार, रात्री ९:२४)
उंदराले टॅग लावा.

काठीवाला (रविवार, रात्री ९:४०)
क्यूआर मला शोधता येत नाही, कॅमेरा कुठं धरायचा तेच कळत नाही. पण खांबावरचे आकडे उठावाचे केले असते तर हातानं वाचले असते. पुढच्या वेळी पत्र्याचे कापून लावा, पेंटपेक्षा टिकतीलही.

टिनाखालचा (रविवार, रात्री ९:४६)
हे करतो दादा. वेल्डर आपलाच हाय.

ओपीडीताई (रविवार, रात्री ९:५५)
आणि आजी?

टिनाखालचा (रविवार, रात्री १०:१०)
हो ताई, सांगाचंच राह्यलं. परवा परत तपासणीले नेलं. मी गेटवरच मॅप उघडून राह्यलो तं आजी म्हणे ठेव तो डबा. "पाण्याच्या टाकीपाशी डाव्या हातानं वळ, मंग जिथं फिनाईलचा वास येते तिथून सरळ, अन् पंखा कटकट वाजते त्याच्या समोर फोटोची खोली." सरळ नेलं तिनं मले. मागच्या वेळी ती व्हीलचेअरवर बसून नुसती पाहून राह्यली होती अन् मी फोनात.

रिसर्च_चालूच (रविवार, रात्री १०:१४)
वास, आवाज आणि टाकी. तीन वेगळे सेन्सर 😅 पंखा दुरुस्त झाला तर?

टिनाखालचा (रविवार, रात्री १०:१६)
म्या बी हेच इचारलं. म्हणे सरकारी पंखा हाय, नाही होत.

ओपीडीताई (रविवार, रात्री १०:३०)
😂 बरं भाऊ, तो ऑइल पेंट कोणता घेतला? आमचा लाल पट्टा फिनाईलनं उडून चाललाय.